स्लॅबमधलं नाणं तपासताना: बनावट डबी, उसना क्रमांक आणि बदललेलं नाणं

नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत सुटा रुपया हातात आला की जाणता माणूस आधी तो वाजवून बघतो, मग काट्यावर ठेवतो, मग कडेवरून नख फिरवतो. स्लॅबमध्ये, म्हणजे नाणं तपासून प्रत ठरवणाऱ्या कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक डबीत असलेल्या नाण्याच्या बाबतीत यातलं एकही करता येत नाही. ना आवाज, ना वजन, ना स्पर्श. वर कंपनीचं लेबल, बारकोड आणि ‘एमएस ६४’ असा प्रतीचा शेरा असल्यामुळे तपासायची गरजही वाटत नाही. खोट्या मालाला हाच आडोसा मिळतो.

पीसीजीएस ही कंपनी १९८६ मध्ये सुरू झाली, एनजीसी १९८७ मध्ये. नाणं तपासायचं, १ ते ७० च्या श्रेणीत त्याची प्रत ठरवायची आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करायचं, ही त्यांची पद्धत. २००८ च्या सुमारास चीनमधून आलेल्या नकली डब्या सापडू लागल्या आणि दोन्ही कंपन्यांना जाहीर इशारे द्यावे लागले. तेव्हापासून नकला सुधारतच गेल्या आहेत. त्यामुळे डबी, लेबल, क्रमांक आणि नाणं या चार गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या आणि चारही एकमेकींशी जुळतात का, हे शेवटी बघायचं. एक गोष्ट खरी निघाली म्हणून दुसरी खरी धरायची नाही.

फसवणूक साधारण चार प्रकारची असते. पहिल्या प्रकारात सगळंच खोटं: डबी नकली, लेबल नकली, नाणं नकली, फक्त क्रमांक कुठल्यातरी खऱ्या नाण्याचा उचललेला. दुसऱ्या प्रकारात डबी खरी असते, पण ती उघडून आतलं नाणं बदललेलं असतं. तिसऱ्यात नाणं अस्सल, पण घासलेलं किंवा झिजलेलं, आणि नकली डबीवर चढवलेली प्रत छापलेली. चौथा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो: विक्रेत्यानेच छापलेलं लेबल आणि साधी डबी, वर ‘एमएस ६७’. त्यामागे कुठलीही त्रयस्थ तपासणी नसते, म्हणून असं नाणं सुटं आहे असं समजूनच भाव करावा. रामदरबाराचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेले तुकडे याच डब्यांत विकले जातात. ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. तिथे पुढची एकही पायरी करायची गरज नाही.

लागणारं साहित्य

१० पट भिंग, सराफांकडे असतं तसं तीन काचांचं. स्वस्त भिंगात कडेची अक्षरं वाकडी दिसतात आणि नसलेला दोष दिसायला लागतो. अधूनमधून २० पट भिंग लागतं. मान वळणारा एलईडी दिवा, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, एक छोटं निओडिमियम चुंबक, मऊ मायक्रोफायबर कापड आणि बरा कॅमेरा असलेला मोबाइल.

यापेक्षाही महत्त्वाची वस्तू म्हणजे खात्रीचा एक स्लॅब. ज्या कंपनीची नाणी तुम्ही घेता, तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून एखादं स्वस्त, सहज मिळणारं नाणं स्लॅबसकट विकत घ्या आणि ते फक्त तुलनेसाठी ठेवा. डब्यांच्या पिढ्या बदलत आल्या आहेत, त्यामुळे शक्य असेल तर जुन्या पिढीचाही एक ठेवा. पुढच्या निम्म्या तपासण्या या नमुन्याशी तुलना करूनच होतात. नुसत्या आठवणीवर ‘लेबल असंच असतं’ म्हणणारे फसतात.

पैसे देण्याआधी

व्यवहार बहुतेक वेळा मोबाइलवर ठरतो, म्हणून पहिली तपासणी फोटोवरच होते. विक्रेत्याकडून चार गोष्टी मागा: पुढून आणि मागून अगदी सरळ काढलेले फोटो, डबीच्या चारही कडांचे जवळून फोटो, स्लॅबशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून काढलेला एक फोटो आणि दिव्याखाली स्लॅब हळूहळू तिरका करत काढलेला दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ. व्हिडिओत नाण्याची चमक फिरताना दिसते आणि डबीवरचे ओरखडे कुठले, नाण्यावरचे कुठले, हे वेगळं करता येतं. क्रमांकावर बोट ठेवून फोटो पाठवणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

परतीची अट मेसेजमध्ये लिहून घ्या: स्लॅब न उघडता सात दिवसांत परत, पूर्ण पैसे. तोंडी ‘गॅरंटी आहे दादा’ कामाला येत नाही. पार्सल आलं की पाकिटावरच्या पत्त्यापासून स्लॅब हातात येईपर्यंत सलग व्हिडिओ काढा, मध्ये न थांबता.

क्रमांक: काय सांगतो आणि काय नाही

पीसीजीएसच्या लेबलवर आधी त्या जातीच्या नाण्याचा क्रमांक, मग टिंब देऊन प्रत, मग तिरकी रेघ आणि त्यापुढे त्या एका नाण्याचा प्रमाणपत्र क्रमांक असतो. एनजीसीच्या लेबलवर लांब आकडा, मग आडवी रेघ आणि शेवटी तीन आकडे. दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हा क्रमांक टाकून नोंद बघता येते.

संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. लेबलवरचा क्यूआर कोड स्कॅन करून उघडलेल्या पानावर विसंबू नका, कारण नकली लेबलवरचा कोड हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर नेऊ शकतो. पीसीजीएसच्या नव्या डब्यांमध्ये एनएफसी चिप असते. मोबाइल टेकवला की पान उघडतं. तिथेही उघडलेल्या पानाचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. नुसती चिप आहे म्हणून समाधान मानू नका.

नोंदीतलं वर्ष, मूल्य, टांकसाळ, प्रत आणि शेरा लेबलशी शब्दशः ताडून बघा. ‘साफ केलेलं’ असा शेरा असलेल्या नाण्याचं लेबल बदलून त्यावर स्वच्छ प्रत छापणं ही जुनी चलाखी आहे, आणि नोंद उघडली की ती लगेच उघडी पडते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांवर ‘एस अँड डब्ल्यू’ (स्टीव्हन्स आणि वेअर यांची नाणेसूची) असा प्रकारक्रमांकही बऱ्याचदा असतो. तो त्या वर्षाच्या आणि टांकसाळीच्या प्रकाराशी जुळतो का, तेही बघा.

सगळं जुळलं तरी एवढंच सिद्ध होतं की या क्रमांकाचं एक खरं नाणं जगात कुठेतरी आहे. ते तुमच्या हातात आहे, हे क्रमांक सांगत नाही. लिलावांच्या पानांवर हजारो स्लॅबचे स्पष्ट फोटो असतात, आणि नकला करणारे क्रमांक तिथूनच उचलतात. एकच क्रमांक दहा नकली डब्यांवर छापायला काहीच खर्च येत नाही. म्हणून तो क्रमांक सर्च करून बघायची सवय ठेवा. एकाच वेळी दोन विक्रेत्यांकडे एकाच क्रमांकाचा स्लॅब दिसला, तर त्यातला निदान एक खोटा आहे.

फोटो जुळवणं: इथे घाई नको

नोंदीत नाण्याचा फोटो असेल, तर संपूर्ण तपासणीतला सगळ्यात भक्कम पुरावा तोच. पण लोक नोंदीतला फोटो उघडतात, ‘हो, हेच’ म्हणतात आणि पान बंद करतात. त्याच वर्षाचा कुठलाही रुपया तसाच दिसणार. जुळवायचं असतं ते त्या एका नाण्याच्या अंगावरचं व्रण.

आधी तुमच्या नाण्याचा नीट फोटो काढा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. दिवा घड्याळातल्या दहाच्या दिशेला, थोडा वर ठेवा. काळ्या पुठ्ठ्याला मोबाइलच्या कॅमेऱ्याएवढं भोक पाडून त्यातून फोटो घ्या, म्हणजे प्लास्टिकवर मोबाइलचं आणि तुमचं प्रतिबिंब पडत नाही. कॅमेरा पंधरा-वीस सेंटिमीटरवर ठेवून दोन पट झूम करा. अगदी जवळ नेला तर कडा वाकतात. एकच फोटो पुरत नाही. दिवा दहावर, बारावर आणि दोनवर ठेवून तीन घ्या, कारण प्रकाशाच्या दिशेप्रमाणे एखादा ओरखडा दिसतो किंवा अजिबात नाहीसा होतो.

आता नोंदीतला फोटो शेजारी उघडा. नाण्यावर घड्याळाची तबकडी कल्पून प्रत्येक बाजूवर तीन-चार खुणा शोधा. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल, नाकासमोरची मोकळी जागा आणि मानेखालचा पोशाख. मागच्या बाजूला आकड्यांभोवतीची जागा आणि वेलबुट्टीची कड. गुळगुळीत मोकळ्या जागेतले खड्डे आणि ओरखडे सगळ्यात कामाचे, कारण तिथे नक्षीचा गोंधळ नसतो.

खुणा निवडताना एक भेद पक्का लक्षात ठेवा. पृष्ठावर उंच उठलेली रेघ किंवा ठिपका हा बहुधा ठशाचा दोष असतो. त्या ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो असतो, म्हणून त्यावरून ओळख पटत नाही. खाली दबलेली खूण, म्हणजे दुसऱ्या नाण्याचा बसलेला टोला किंवा ओरखडा, त्या एकट्या नाण्याची असते. जुळवायच्या त्या याच. भिंगाखाली उंच की खोल हे कळत नसेल, तर दिवा फिरवा: खोल खुणेची सावली दिव्याकडच्या काठाला पडते, उंच खुणेची विरुद्ध काठाला.

रंगावर फार भिस्त ठेवू नका. पीसीजीएसचे खास फोटो नाणं डबीत जाण्याआधी, उत्तम प्रकाशात काढलेले असतात; त्यातला निळा-सोनेरी टोनिंगचा (काळानुसार धातूवर चढलेल्या झाकेचा) रंग घरच्या दिव्याखाली राखाडी दिसू शकतो. नाणं नंतर डबीत बसवल्यामुळे त्याचा कोनही थोडा फिरलेला असू शकतो. रंगाची हद्द कुठून कुठवर जाते हे मात्र बघा. ती सहसा बदलत नाही. खुणा जुळल्या आणि रंग थोडा वेगळा दिसला, तर काळजी नाही. रंग जुळला आणि गालावरचा टोला नाही, तर ते नाणं वेगळं आहे.

नोंदीत फोटो नसेल तर बाकीच्या तपासण्यांचं वजन वाढतं. जुन्या नोंदींना बऱ्याचदा फोटो नसतो, आणि नकला करणाऱ्यांनाही हे माहीत असतं.

डबीचं प्लास्टिक

डबीचे दोन भाग अल्ट्रासॉनिक पद्धतीने जोडलेले असतात: वेगवान कंपनांनी कडा वितळून एकजीव होतात, गोंद लागत नाही. त्यामुळे चांगल्या जोडाची रेघ चारही बाजूंनी एकसारखी असते. स्लॅब दिव्यासमोर आडवा धरून सगळी कड हळूहळू फिरवत बघा. एखाद्या कोपऱ्यात पांढरट झाक, केसासारखे तडे, चिकटपट्टीसारखी चमक, बुडबुडे, पिवळसर रेघ किंवा घासून गुळगुळीत केलेला भाग दिसला, तर डबी उघडून पुन्हा चिकटवलेली असण्याची शक्यता मोठी. उघडताना पाती बहुतेक वेळा कोपऱ्यातून किंवा लेबलकडच्या बाजूने घुसवतात, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. गोंद असेल तर यूव्ही टॉर्चखाली जोडाची रेघ निळसर उजळू शकते. शेजारी खात्रीचा स्लॅब धरूनच ठरवा.

साधे ओरखडे हा दोष नाही. खऱ्या, हातोहात फिरलेल्या डबीवर ते असतातच. डबी अगदी कोरी आणि लेबल वीस वर्षांपूर्वीच्या पिढीचं, हे जास्त खटकलं पाहिजे. प्लास्टिकचा रंगही बघा: पांढऱ्या कागदावर दोन्ही डब्या ठेवल्या की नकली प्लास्टिकमधली हिरवट किंवा धुरकट झाक उठून दिसते. कडांचा आकार, एकावर एक रचण्यासाठीच्या उंच कडा, आणि नाण्याभोवतीचं पांढरं किंवा पारदर्शक कडं नमुन्याशी ताडून बघा. कड्याचं माप नाण्याला बेतून असतं. ३०.५ मिलिमीटरच्या आसपासच्या रुपयाभोवती एका बाजूला फट दिसत असेल, तर आधी तिथे दुसरं नाणं होतं का, असा प्रश्न पडलाच पाहिजे. नाणं किंचित हलणं मात्र जुन्या डब्यांमध्ये होतं. फक्त तेवढ्यावरून स्लॅब खोटा ठरवू नका.

लेबल

१० पट भिंगाखाली छपाई बघा. घरगुती इंकजेटची छपाई रंगीत ठिपक्यांनी बनलेली असते आणि काळ्या अक्षरांच्या कडाही तुटक दिसतात. अक्षरांची जाडी, आकड्यांमधलं अंतर आणि ओळींची मांडणी नमुन्याशी जुळली पाहिजे. मागच्या होलोग्रामचं चित्र स्लॅब तिरका केला की बदलतं. नकलेत ते बऱ्याचदा नुसतं चकाकणारं छापील चित्र असतं. बारकोड मोबाइलच्या साध्या स्कॅनरने वाचा: त्यातून निघालेले आकडे लेबलवरच्या क्रमांकाशी जुळले पाहिजेत. आळशी नकलेत सगळ्या डब्यांना एकच बारकोड छापलेला सापडतो. स्पेलिंगची चूक दिसली तर पुढे जायची गरज नाही, पण ती नसणं हा खरेपणाचा पुरावा नव्हे.

आता नाणं, डबी विसरून

हा भाग सगळ्यात अवघड आणि सगळ्यात शिकण्यासारखा. डबीवर कागद ठेवून लेबल झाका. प्रत वाचल्यावर डोळा तीच शोधायला लागतो.

पहिल्यांदा ओतीव नाण्याची लक्षणं बघा. साच्यात ओतलेल्या नाण्यावर बारीक छिद्रं आणि पुटकुळ्या असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोलसर होतात, मोकळी जागा थोडी लाटांसारखी दिसते. ठशातून पडलेल्या नव्या नाण्यावर धातू मध्यापासून कडेकडे वाहिल्याच्या अतिसूक्ष्म रेषा असतात, आणि म्हणूनच स्लॅब फिरवला की चमक चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. ही फिरती चमक ओतीव नाण्यात येत नाही. पॉलिश केलेल्या नाण्यातही नाही: ते नुसतं आरशासारखं एकसुरी चकाकतं.

चांगल्या नकला मात्र ठशानेच पाडलेल्या असतात. ठसा एखाद्या खऱ्या नाण्यावरूनच बनवलेला असतो, आणि इथेच त्यांचा कमकुवत दुवा असतो: त्या खऱ्या नाण्यावरचा टोला आणि ओरखडा ठशात उतरतो आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक नकलेवर तसाच येतो. दोन वेगळ्या नाण्यांवर एकाच जागी एकाच आकाराचा दबलेला टोला दिसला, तर दोन्ही नकली. त्या टोल्याचा तळही मऊ, गुळगुळीत असतो. खऱ्या टोल्यात धातू चकचकीत फाटलेला दिसतो. म्हणून वर सांगितलेल्या फोटो जुळवणीतही खूण नुसती जागेवर असून पुरत नाही, ती तीक्ष्ण आहे का हेही बघायचं. ठशात राहिलेली कातरकामाची किंवा पॉलिशची खरड नकलेवर उंच रेषा म्हणून येते. कडेच्या दातऱ्यांमधून निघालेले बारीक उंच काटेही संशयाचे.

मग तपशील. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबई टांकसाळीची खूण म्हणजे मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली एक उंच ठिपका. कलकत्त्याच्या रुपयावर ती जागा रिकामी. लेबल मुंबई म्हणत असेल आणि ठिपका नसेल, तर काहीतरी बिनसलं आहे. सातव्या एडवर्डच्या मुंबईच्या रुपयावर बारीक खोल ‘बी’ असतो. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गदारोळ झाला, आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त झाला. १९११ च्या लेबलखाली सुधारलेला हत्ती असेल, तर लगेच थांबा. १८६२ वर्षाचे रुपये पुढे अनेक वर्षं पाडले गेले आणि तारखेखालच्या ठिपक्यांनी पाडल्याचं वर्ष दाखवलं गेलं. लेबलवरचा प्रकार आणि ठिपके जुळतात का, हे मोजून बघा.

१९३९ चा रुपया वेगळा अभ्यास मागतो, कारण सगळ्यात जास्त लबाडी याच वर्षावर होते. हा मुंबईचा, ०.९१७ चांदीचा, बहुतेक वितळवले गेल्याने दुर्मिळ. १९४० पासून रुपयातली चांदी निम्मी झाली, पण वजन ११.६६ ग्रॅमच राहिलं, म्हणजे वजन इथे काहीच सांगत नाही. कड सांगते. १९३८ आणि १९३९ च्या रुपयांच्या कडेवर साध्या उभ्या रेघा आहेत. १९४० पासून त्या रेघांच्या मधून खोलगट चर जाते, सुरक्षा कड म्हणतात ती. नव्या डब्यांमध्ये नाणं दात्यांवर धरलेलं असतं, त्यामुळे कड तिरप्या कोनातून दिसते. चर दिसली तर तो १९३९ चा रुपया नव्हे. कड साधी असेल तरी १९३८ चा ‘८’ कोरून ‘९’ केलेला नाही ना, ते २० पट भिंगाखाली बघा: शेवटच्या आकड्याची जाडी आणि उंची शेजारच्या ‘३’ एवढी हवी, आकड्याभोवतीची जमीन खरडलेली किंवा जास्त चकचकीत नको.

शेवटी प्रत. ‘एमएस’ म्हणजे वापरात न आलेलं नाणं. गाल, भुवई आणि कानावरचे केस या उंच जागा सपाट आणि राखाडी दिसत असतील आणि तिथली चमक तुटलेली असेल, तर ती झीज. ठसा हलका पडल्यामुळेही तिथली नक्षी पुसट असते, पण चमक अखंड राहते. लेबलवर ‘एमएस ६५’ आणि गालावर झीज म्हणजे नाणं बदललेलं असण्याची दाट शक्यता.

अस्सल नाण्यांची नजर बसायला नागपूरकरांना सोय आहे: १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, जुन्या नाण्यांचा संग्रह आहे. शंभर फोटोंपेक्षा काचेमागचं एक खरं नाणं जास्त शिकवतं.

काटा, चुंबक आणि टंच

स्लॅबसकट वजनाला अर्थ आहे, पण तुलनेनेच. त्याच कंपनीचा, त्याच पिढीचा, त्याच जातीच्या नाण्याचा स्लॅब शेजारी हवा. ११.६६ ग्रॅमच्या चांदीच्या रुपयाऐवजी त्याच आकाराची तांबं-निकेलची नक्कल असेल तर ती साधारण १० ग्रॅम भरते, पितळेची ९.६ च्या आसपास. म्हणजे स्लॅब दीड-दोन ग्रॅमने हलका. नकला करणारा हे वजन भरून काढायला नाणं जाड करतो, म्हणून वजन जुळलं तरी कडेची जाडी बघा. डब्यांच्या वेगळ्या पिढ्यांमधला फरक यापेक्षा मोठा असू शकतो.

चुंबक प्लास्टिकमधूनही लोखंडी गाभा पकडतं. चांदीचा रुपया चुंबकाला चिकटत नाही. १९४७ चा रुपया मात्र शुद्ध निकेलचा, तो चिकटलाच पाहिजे.

सराफात एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढून मिळतो आणि स्लॅब न उघडताही मशीन आकडा दाखवतं. तो आकडा जसाच्या तसा घेऊ नका. चांदीचे जास्त ऊर्जेचे किरण प्लास्टिकमधून बऱ्यापैकी बाहेर येतात, तांब्याचे कमी ऊर्जेचे किरण प्लास्टिकमध्येच अडकतात. त्यामुळे तांबं कमी आणि चांदी जास्त दिसते: ०.९१७ चा रुपया जवळजवळ शुद्ध चांदी वाटेल आणि निम्म्या चांदीचा रुपयाही बराच वर जाईल. खात्रीच्या ०.९१७ रुपयाचा तसलाच स्लॅब सोबत न्या, आधी तो लावा, मग संशयित लावा, आणि दोन आकड्यांमधला फरक बघा. शिवाय मशीन वरचा पातळ थरच वाचतं. जाड मुलामा त्याला फसवतो.

सोन्याच्या बाबतीत टंच आणखी कमी कामाचा. सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याच्या (७.९८८ ग्रॅम, २२.०५ मिलिमीटर) बऱ्याच नकला खऱ्या २२ कॅरेट सोन्याच्याच असतात, कारण नफा दुर्मिळ वर्षाच्या किमतीत असतो. १९१८ चं मुंबईचं सॉव्हरिन असेल तर तारखेच्या वर जमिनीच्या रेषेवरचा ‘आय’ भिंगाखाली बघा: त्याची टोकं आणि भोवतालची जमीन सांगते की तो ठशातून आला की नंतर बसवला.

खोटा निघाला तर

स्लॅब फोडू नका. फोडला की कंपनीकडचा दावा, विक्रेत्याकडची परत आणि पुरावा तिन्ही गेले. कंपनीची हमीही खऱ्या, न उघडलेल्या डबीपुरतीच असते. नकली डबीतल्या नाण्याची भरपाई कंपनी देत नाही. नोंदीच्या पानाचा, जुळवलेल्या फोटोंचा आणि मेसेजचा स्क्रीनशॉट काढा. विक्रेत्याला लेखी कळवा आणि ठरल्या मुदतीत परत मागा.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि विक्रेता गायब झाला असेल, तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. दुकानदाराशी वाद असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५० लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारी चालतात आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

संशय राहिला म्हणून नाणं परदेशात कंपनीकडे पाठवायचा विचार असेल, तर आधी त्याचं वय बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. व्हिक्टोरिया आणि एडवर्डचे सगळे रुपये, तसेच १९२२ पर्यंतचे पंचम जॉर्जचे रुपये आता त्यात मोडतात. कुरियरवाला घेतो म्हणाला तरी पाकीट देऊ नका. अशा नाण्यासाठी कंपनीला ईमेलवर क्रमांक, दोन्ही बाजूंचे आणि कडांचे फोटो पाठवून डबी त्यांची आहे का, एवढंच विचारा.